कुत्रा दत्तक घेण्याआधी: घराची, दिवसाची आणि माणसांची तयारी

बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून घरी आलेल्या कुत्र्याला आपण इथे कायमचे आलोय हे ठाऊक नसतं. कुणीतरी गाडीत बसवलं, कुठेतरी उतरवलं, सगळे वास नवे, सगळी माणसं नवी, एवढंच त्याला कळतं. हे घर आपलं आहे ही खात्री त्याला लाडानं येत नाही, महागड्या गादीनंही येत नाही. काल ज्या वेळी फिरायला नेलं त्याच वेळी आज नेलं, काल जिथे वाटी ठेवली तिथेच आज ठेवली, काल बाहेर गेलेलं माणूस परत आलं आणि आजही आलं, हे पुन्हा पुन्हा घडलं की तो हळूहळू सैलावतो. म्हणून माझ्या मते कुत्रा आणण्याची खरी तयारी म्हणजे आपला दिवस त्याला अंदाज बांधता येईल असा करणं. खरेदी त्यानंतर.

आधी घरातल्यांशी बोला

कुत्रा साधारण १० ते १५ वर्षं जगतो. छोट्या चणीचे कुत्रे बरेचदा त्याहून जास्त जगतात, अगदी धिप्पाड जातींचं आयुष्य कमी असतं. एवढ्या काळात नोकऱ्या बदलतात, घरं बदलतात, मुलं मोठी होऊन बाहेर पडतात. त्यामुळे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा मनापासून होकार हवा. कुणाला भीती वाटत असेल, कुणाला केस गळण्याची चिंता असेल तर ते आत्ताच मोकळेपणानं बोलून घ्या. मुलं 'आम्ही सगळं करू' म्हणतील. त्यांना कामं जरूर द्या, पण जबाबदारी मोठ्यांचीच धरून चाला.

मग कागद-पेन घ्या आणि कामाचा एक साधा दिवस तासातासानं लिहून काढा. सकाळी पहिलं कोण उठतं? घर सलग किती तास रिकामं असतं? प्रौढ कुत्र्याला दिवसातून तीन-चार वेळा तरी शी-शूसाठी बाहेर न्यावं लागतं, आणि त्यातल्या एक-दोन फेऱ्या निवांत, मनसोक्त हुंगू देणाऱ्या हव्यात. पावसात कोण नेणार? तुम्हाला ताप आला तर कोण? गावाला जायचं झालं तर तो कुणाकडे राहणार? प्रत्येक प्रश्नापुढे एका माणसाचं नाव लिहा. जिथे 'बघू' असं लिहावं लागतंय ती जागा आधी भरा, कुत्रा त्यानंतर आणा.

पैशांचंही तसंच. खाणं, दरवर्षीच्या लसी, जंतांचं औषध, गोचीड-पिसवांचं औषध हा ठरलेला खर्च. त्याशिवाय अचानक दवाखाना निघाला तर हाताशी असावी अशी रक्कम वेगळी काढून ठेवा. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या. तोंडी होकार पुढे फिरतो, आणि मग कुत्रा परत पाठवायची वेळ येते.

घरात कुणाला ॲलर्जी असेल तर 'केस न गळणारी जात आणू' यावर विसंबू नका. ॲलर्जी होते ती मुख्यतः कुत्र्याची लाळ आणि त्वचेचा कोंडा यांतल्या प्रथिनांमुळे, आणि ती प्रथिनं प्रत्येक कुत्र्यात असतात. ज्याला त्रास आहे त्यानं त्याच कुत्र्यासोबत बंद खोलीत चांगला वेळ घालवून बघावा, एकापेक्षा जास्त वेळा.

पिल्लू की मोठा?

नवख्या घरानं प्रौढ कुत्र्याचा विचार आधी करावा असं मी आग्रहानं सांगेन. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचा आकार, स्वभाव, दम किती आहे हे बरंचसं समोर दिसतं. पिल्लाचं तसं नसतं. शिवाय पिल्लाला लघवी फार वेळ धरवत नाही. जितक्या महिन्यांचं पिल्लू, त्यात एक मिळवा, फार तर तितके तास, असा एक ठोकताळा आहे. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लासाठी दर तीन तासांनी, सुरुवातीला त्याहूनही लवकर, आणि रात्रीसुद्धा उठायचं. दात येत असताना ते दिसेल ते चावणार. हे सगळं आनंदानं करणार असाल तर पिल्लू जरूर आणा, पण आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं आणू नका. आई आणि भावंडांसोबत दंगा करतानाच ते किती जोरात चावायचं, कुठे थांबायचं हे शिकतं.

तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लासाठी फार मोलाचा असतो. त्या वेळात जे जे सौम्यपणे अनुभवायला मिळतं (छत्री, चाकाची खुर्ची, लहान मुलं, मिक्सरचा आवाज, दाढीवाला माणूस) ते पुढे आयुष्यभर ओळखीचं वाटतं. लसी पूर्ण झालेल्या नसतात म्हणून त्याला घरात कोंडून ठेवण्याऐवजी कडेवर घेऊन जग दाखवा.

रूपावरून निवड करू नका. तुम्ही संध्याकाळी पुस्तक घेऊन बसणारे असाल तर रोज दोन तास धावायला लागणारा देखणा कुत्रा तुमच्याकडे सुखी राहणार नाही, आणि तुम्हीही नाही. निवाऱ्यातल्या लोकांना नेमके प्रश्न विचारा. तो इथे कसा आला? आधी घरात राहिला आहे का? एकटा ठेवला तर काय करतो? मुलांशी, मांजरांशी, दुसऱ्या कुत्र्यांशी कसा वागतो? वाटीजवळ कुणी गेलं तर? आजारपणं कोणती झाली, नसबंदी झाली आहे का, लसींची नोंद कुठे आहे? काही ठिकाणी कुत्रा थोडे दिवस तात्पुरता सांभाळायला देतात. ती सोय असेल तर अवश्य घ्या.

पहिली भेट

इथे जरा सावकाश जाऊ, कारण या अर्ध्या तासात बरंच काही कळतं.

पिंजऱ्याच्या दारावर वाकून हाका मारू नका. कुत्र्याच्या नजरेतून वरून वाकणारं, एकटक बघणारं, हात पुढे करणारं अनोळखी माणूस म्हणजे धोका. त्याला मोकळ्या जागेत आणायला सांगा आणि तुम्ही थोड्या अंतरावर जमिनीवर बसा, त्याच्याकडे तोंड करून नव्हे, बाजू करून. हात मांडीवर सैल. नजर दुसरीकडे. तो येईल तेव्हा येऊ द्या. आला की आधी बूट हुंगेल, मग कोपर, मग कदाचित चेहऱ्याजवळ येईल. तोवर हलू नका. तो रेंगाळला तर छातीवर किंवा खांद्याच्या बाजूला दोन-तीन वेळा हात फिरवा, डोक्यावर नको, आणि हात काढून घ्या.

आता बघा. त्यानं अंग तुमच्याकडे टेकवलं, नाकानं हात ढोसला, तर त्याला आणखी हवंय. डोकं वळवलं, ओठ चाटले, उगाच जांभई दिली, अंग झटकलं किंवा दोन पावलं मागे सरला, तर तूर्त पुरे. कुत्रा नापसंती अशीच, बारीक खुणांनी आधी सांगतो. हा 'हात काढून बघायचा' खेळ पुढे घरी पाहुण्यांना आणि मुलांना जरूर शिकवा.

निवाऱ्यातला गोंगाट कुत्र्याला बदलून टाकतो. तिथे सतत भुंकणारा घरात शांत असू शकतो, आणि कोपऱ्यात गप्प पडलेला शांत नसून घाबरून थिजलेला असू शकतो. म्हणून एका भेटीवर ठरवू नका. घरातले सगळे जण त्याला एकदा तरी भेटले पाहिजेत. आधीचा कुत्रा असेल तर दोघांची गाठ घराबाहेर, दोघांच्याही मालकीच्या नसलेल्या जागी घाला. समोरासमोर आणण्यापेक्षा दोन माणसांनी दोघांना घेऊन बरंच अंतर ठेवून एकाच दिशेनं चालावं, आणि दोघे सैल दिसले की अंतर कमी करत न्यावं. मांजर असेल तर पहिले काही दिवस दोघांमध्ये बंद दार ठेवा, एकमेकांच्या वासाचं कापड इकडून तिकडे द्या, आणि मांजराला उंचावर निसटून जाता येईल अशी जागा कायम मोकळी ठेवा.

घर कुत्र्याच्या उंचीवरून बघा

खरंच गुडघ्यांवर बसा आणि खोलीखोलीतून फिरा. लोंबणाऱ्या वायरी, सोफ्याखालची सेफ्टीपिन, झाकण नसलेली कचऱ्याची बादली, खालच्या फळीतली फिनेलची बाटली, गॅलरीच्या गजांतली फट. हे सगळं उभ्यानं दिसत नाही.

खाण्यापिण्यातल्या काही वस्तू माणसाला चालतात पण कुत्र्याला विषारी ठरतात. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन त्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं, आणि चॉकलेट जितकं गडद तितकं जास्त घातक. द्राक्षं, मनुके आणि बेदाणे मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा नेम नसतो. कांदा आणि लसूण, कच्चा असो की शिजवलेला, रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो. साखरविरहित च्युइंगम, काही टूथपेस्ट आणि काही गोड पदार्थांत साखरेऐवजी झायलिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं, त्यानं कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं खाली जाते. शिजवलेली हाडं चिरफळून आतडी फाडू शकतात. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन अशा आपल्या गोळ्या कधीही मनानं देऊ नका. झाडांपैकी कण्हेर आणि सायकस घरात, अंगणात असतील तर हलवाच. काही खाल्ल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करा, खाल्लेल्या वस्तूचं वेष्टन हाताशी ठेवा, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय उलटी करवू नका.

सामान फार लागत नाही. दोन जड वाट्या, धुता येईल अशी गादी, चावायला मजबूत खेळणी, तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला असलेला गळपट्टा, अंगाला नीट बसणारा हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा), दीड-दोन मीटरचा साधा पट्टा, आणि लघवीचे डाग काढणारं एन्झाइमयुक्त क्लीनर. लांब-आखूड होणारी दोरी नवख्या हाताला नको, ती ऐन वेळी आवरत नाही.

त्याच्यासाठी एक कोपरा ठरवा. येण्याजाण्याच्या वाटेवर नसलेला, तरी घरातली माणसं दिसतील असा. तिथे गादी, तिथे पाणी. तो तिथे असताना त्याला कुणी हात लावायचा नाही, उठवायचं नाही, मुलांनी तर मुळीच नाही. हा नियम तो येण्याआधीच घरात लागू करा.

पहिला दिवस आणि पहिले आठवडे

शक्यतो सुट्टीच्या आदल्या दिवशी सकाळी आणा. गाडीतून उतरण्याआधी पट्टा हार्नेसलाही लावा आणि गळपट्ट्यालाही, दोन्हीला. घाबरलेला कुत्रा मागे ओढ घेऊन डोकं सोडवतो आणि पळत सुटतो. नव्या जागी त्याला परतीची वाटही माहीत नसते. घरात शिरण्याआधी शी-शूच्या ठरलेल्या जागी न्या आणि तो मोकळा होईपर्यंत थांबा. मग पट्ट्यावरच घर हुंगू द्या, एकेक खोली. पाणी दाखवा, कोपरा दाखवा, आणि आपापल्या कामाला लागा.

त्या दिवशी पाहुणे नकोत, अंघोळ नको, मिठ्या नकोत. शेजारच्या मुलांना एक आठवडा थांबायला सांगा. प्रेम दाखवायची घाई होते हे मी समजू शकते, पण त्या वेळी त्याच्यावर सगळ्यात मोठी माया म्हणजे त्याला एकटं सोडणं.

पहिल्या दिवशी तो जेवला नाही, पोट थोडं बिघडलं, तर ताणामुळे तसं होतं. निवाऱ्यात जे खात होता तेच सुरुवातीला द्या आणि बदल करायचा तर सात ते दहा दिवसांत जुनं कमी, नवं जास्त असं करत न्या. मोठा कुत्रा एक दिवस उलटूनही खात नसेल, पाणी पीत नसेल, किंवा पिल्लानं एकदोन वेळचं सोडलं, तर मात्र दवाखाना गाठा.

दत्तक देणाऱ्या लोकांमध्ये तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशेब सांगतात. तीन दिवस भांबावलेपणाचे, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत तो खरा जसा आहे तसा दिसू लागतो. प्रत्येक कुत्रा हे वेळापत्रक पाळतोच असं नाही, काहींना वर्ष लागतं. पण तिसऱ्या आठवड्यात अचानक भुंकायला लागला म्हणून 'बिघडला' समजू नका. आता कुठे त्याला आवाज काढायचा धीर आलाय.

शी-शूची सवय घड्याळावर लागते. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर, झोपण्याआधी, दर वेळी त्याच दारातून त्याच जागी. बाहेर केली की तिथेच, लगेच खाऊ आणि शाबासकी द्या. घरात येईपर्यंत थांबलात तर तो खाऊ आत येण्याचा झाला. घरात सांडलं तर काही न बोलता पुसा. नाक घासणं, ओरडणं यातून तो एवढंच शिकतो की तुमच्यासमोर करायची नाही, आणि मग पलंगामागे करतो.

गुरगुरणं दाबू नका

गुरगुरणं म्हणजे इशारा. कुत्रा चावण्याऐवजी सांगतोय. त्यासाठी रागावलं तर इशारा बंद होतो, अस्वस्थता तशीच राहते, आणि पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. गुरगुरला की थांबा, मागे सरा, आणि कशामुळे झालं ते बघा. त्याआधीच्या खुणा ओळखता आल्या तर गुरगुरण्यापर्यंत वेळच येत नाही: डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, तोंड एकदम मिटणं, अंग ताठ होणं, शेपूट पोटाखाली जाणं. शेपूट हलतेय म्हणजे खूशच आहे असंही नाही. वर ताठ धरून बारीक थरथरणारी शेपूट आणि कंबरेसकट सैल हलणारी शेपूट यांत फार फरक आहे.

वाटीजवळ गेल्यावर ताठ होत असेल तर 'मालक कोण ते कळू दे' म्हणून वाटी ओढून घेऊ नका, त्यानं त्याची भीती खरी ठरते. तो जेवत असताना चार पावलांवरून जा, वाटीच्या दिशेनं त्याच्या आवडीचा एक तुकडा टाका आणि न थांबता पुढे निघा. रोज. काही दिवसांनी तुम्ही दिसलात की तो मान वर करून वाट बघेल, कारण तुमचं येणं म्हणजे काहीतरी मिळणं. मग तीन पावलांवरून. लहान मुलांनी हा प्रयोग करायचा नाही, आणि कुत्रा चावायच्या बेतात असेल तर मोठ्यांनीही तज्ज्ञाशिवाय करू नये. लहान मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत एकटं कधीच सोडू नका, कुत्रा कितीही गरीब असला तरी.

शिकवायचं ते खाऊ, खेळ आणि शाबासकीनं. गळा आवळणारे, टोचणारे, विजेचा झटका देणारे पट्टे वापरू नका. सुरुवातीला नावाला बघणं आणि बोलावल्यावर येणं एवढं पुरे. आणि एक ठाम नियम: बोलावून कधीही रागावू नका.

दवाखाना

पहिल्या आठवड्यात पशुवैद्याकडे तपासणी करून घ्या, कागद सोबत न्या. डिस्टेंपर, पार्व्हो आणि ॲडेनोव्हायरसमुळे होणारी कावीळ या आजारांच्या लसी पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि सोळा आठवडे उलटेपर्यंत ठरावीक अंतरानं देतात. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यानंतर. पुढच्या मात्रा डॉक्टर सांगतील तशा. रेबीजच्या बाबतीत जराही चालढकल नको. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत संसर्ग कुत्र्यांमुळे होतो, आणि एकदा लक्षणं दिसली की हा आजार जवळपास नेहमीच जीव घेतो. कोणताही कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जा.

जंतांचं औषध, गोचिडांचं औषध वजनानुसार ठरवून घ्या. घरात मांजर असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण कुत्र्याच्या गोचीड-औषधांतलं परमेथ्रिन मांजराचा जीव घेऊ शकतं. मायक्रोचिप (ओळख पटवण्यासाठी कातडीखाली बसवतात ती छोटी चिप) बसवलीत तर तुमचा पत्ता आणि फोन तिच्या नोंदीत भरा. चिप कुत्रा कुठे आहे ते दाखवत नाही, वाचकयंत्रावर फक्त क्रमांक सांगते, त्यामुळे गळ्यातला बिल्लाही हवाच. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं, म्हणजे आपल्याला तो हाताला गरमच लागतो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. म्हणून बंद गाडीत त्याला पाच मिनिटंसुद्धा ठेवू नका, काच थोडी खाली असली तरी.

एकटं राहायला शिकवणं

हे सगळ्यात जास्त राहून जातं. कुत्रा आल्यावर घरचे रजा काढतात, दिवसभर त्याच्याजवळ बसतात, आणि सोमवारी सगळे एकदम निघून जातात. दार बंद होताना त्याला वाटतं, पुन्हा तेच झालं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सराव सुरू करा. किल्ल्या उचला आणि परत खुर्चीत बसा. चपला घाला, काढा. किल्ल्यांच्या आवाजाला त्यानं मान वर करणं सोडलं की दाराबाहेर पाऊल टाका, दहा सेकंदांत परत या, काही न बोलता. मग अर्धा मिनिट, दोन मिनिटं, पाच. मधेच एखादी वेळ कमी करा, म्हणजे दर वेळी वाढतच जातं असं त्याला वाटणार नाही. जाताना चाटत बसायला काहीतरी द्या. जाणं-येणं दोन्ही साधं ठेवा, निरोप लांबवू नका. जुना फोन लावून त्याचं चित्रण बघा. थोडा वेळ दाराशी बसून मग झोपला तर उत्तम. सतत लाळ गळणं, दार खरवडणं, थांबता न थांबणारं रडणं दिसलं तर तो खोडसाळपणा नाही, घाबरगुंडी आहे. त्यावर रागावून काही होत नाही. वेळ पुन्हा सेकंदांवर आणा, आणि पशुवैद्याशी किंवा वर्तनतज्ज्ञाशी बोला. काहींना औषधाची मदत लागते, ती घ्यायला संकोच करू नका.

रजा संपायच्या आत घरातल्या सगळ्यांनी कामाच्या दिवसाची रंगीत तालीम करा: त्याच वेळी उठायचं, त्याच वेळी फिरवायचं, त्याच वेळी वाटी ठेवायची, आणि त्याला जेवढा वेळ एकट्यानं जमतंय तेवढाच वेळ सगळ्यांनी बाहेर जाऊन परत यायचं. तो वेळ अजून अर्ध्या तासाचाच असेल, तर पुढचे काही आठवडे मधल्या तासांना कोण येणार तेही सोमवारच्या आधी ठरवून ठेवा.